आईसाठी ओट्स

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार
आजपासून आईला ओट्स. शनिवारी डॉ. म्हणाले, साखर अशीच राहिली तर अॅडमिट करावं लागेल. सकाळची चपाती आणि गोड चहा बंद. वाशीच्या मार्केटात डबा मिळाला. डब्यावर लिहिलंय तसंच केलं, उकळत्या दुधात ओट्स टाकले. वर गोळे, खाली लागलेलं. आईने चमचा उलटा करून पाहिला, पडतंय का. "ही खळ झाली शालू. भिंतीला कागद चिकटव." तसंच पुढ्यात ठेवून निघाले. ऑफिसला उशीर.

दिवाळीत चकल्या तळताना ती गॅसपाशीच चक्कर येऊन पडली. कढई अंगावर येता येता राहिली. तेव्हापासून तिला गॅस बंद. लायटर मी पर्समध्ये घालून ऑ.ला नेते. शेजारच्या मीनाताई हसतात. हसू देत.

२० नोव्हें., बुध.
दूध उतू. शेगडी पुसताना बोट भाजलं. आई दोन चमचे खाऊन म्हणाली, पोट भरलं. खोटं. पण मधुमेहाची गोळी घेतली.

दुपारी म्हात्रेंनी बोट पाहिलं. (रेकॉर्ड सेक्शनचे म्हात्रे. उरणहून येतात. बायको वारली, मुलगी दहावीला.) काय झालं ते सांगितलं. म्हणाले, "दुधात नका शिजवू मॅडम. थंड पान्यात टाका, मग गॅस लावा. बारीक. ढवळत राहायचं. दूध शेवटी, खाली उतरवल्यावर."
तुम्हाला कसं माहीत, विचारलं.
"शेवटी शेवटी तिला तेवढंच पोटात ठरायचं."
बायकोबद्दल प्रथमच बोलले. मग दोघंही आपापल्या फायलीत.

त्यांनी दिवाळीआधी विचारलंय. लग्नाचं. मी म्हटलं, आईचं जरा बघून सांगते. बघून म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही

२१ नोव्हें.
म्हा. म्हणाले तसं केलं. गोळा एक नाही. पातेलंही सहज निघालं. चिमूटभर मीठ, वेलची. आईने वाटी संपवली. मग गोळी घेताना, "कुणी शिकवलं?"
ऑफिसमधल्यांनी.
"बाई हाय का बाप्या?"
मी म्हटलं, उशीर होतोय.

ऑ.त म्हात्रेंना सांगितलं, जमलं. ते इतके खूश झाले की मलाच कसंतरी वाटलं. दिवसभर एका जागी बसवत नव्हतं. तीनदा पाणी प्यायला उठले.

२५ नोव्हें., सोम.
संध्या. सुटल्यावर म्हा. बरोबर स्टॉपपर्यंत. त्यांची बस आली, त्यांनी सोडली. पुढचीही सोडली. बोललो काय, तर आमच्या कोपरखैरण्यात पाणी किती वाजता येतं. अडतिसाव्या वर्षी माणूस असं

घरी आले तर आई गॅलरीत उभी. जेवली नव्हती.

२७ नोव्हें.
मीनाताईंनी स्टॉपवर पाहिलं होतं. आईला सांगितलंही. आज सकाळी ओट्सची वाटी तिने सरकवली, हळूच, सांडणार नाही अशी.
"उरणचा हाय म्हनं."
हो.
"आपल्यातला न्हाई."
नाही.
"पोरगी हाय त्येला."
हो.
"मग कर की. मला कशाला खायाला घालतीस?"
तशीच निघाले. ढवळून ढवळून हात दुखतोय.

२८ नोव्हें., गुरु.
आजचा दिवस नको होता. ऑ.त मीनाताईंचा फोन. धावत घरी. सकाळी आईने ओट्स मोरीत ओतले होते आणि गोळी तेवढी घेतली होती. घामाने भिजलेली, हात थरथरत, मला ओळखेना, "वैनी" म्हणत होती. मीनाताईंनी तोंडात साखर घातली होती. डॉ. म्हणाले, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे त्यांना समजावा. कुणी समजवायचं?

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, भूक नव्हती. मी भांडले नाही. पेज करून भरवली. खाल्ली.

वडील गेले तेव्हा ती गावी जाऊन राहते म्हणाली होती. मीच जाऊ दिलं नाही. म्हटलं, मला इथे कोण आहे.

२९ नोव्हें.
म्हात्रेंना सांगून टाकलं. वाट बघू नका. आईची तब्येत ही अशी.
त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तुमाला नको असेल तर नको म्हना. मी ऐकून घेईन. पन आईचं नाव पुढं करू नका."
राग आला. काय समजतात स्वतःला. मग दिवसभर तेच वाक्य. घरी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तेच. मला नको आहे का? खरंच माहीत नाही. उद्या कुणी म्हटलं आईला मी सांभाळतो, तू जा, तर पाय उचलेल की नाही

१ डिसेंबर, रवि.
घरीच. दुपारभर कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा काढलं. आई म्हणाली, "बस की जरा. डोळ्यापुढं भिंगरी नको." तिच्याजवळ बसले. ओट्स तीन दिवस मुकाट्याने खातेय, औषधासारखे.

३ डिसें., मंगळ.
जाग आली ती खमंग वासाने. उठून पाहिलं तर आई गॅसपाशी. एका हाताने ओटा धरलेला, दुसऱ्या हातात उलथनं. ओट्स कोरडेच भाजून घेतलेले, जिऱ्या-मिरचीची फोडणी, कढीपत्ता. वर गरम पाणी घालून झाकण ठेवत होती. काडेपेटी मीनाताईंची.
मी ओरडले. पडली असतीस तर, भाजलं असतं तर, किती वेळा सांगितलं.
"आधी एक बिस्कीट खाल्लंय. डॉक्टर म्हनला तसं. चक्कर न्हाई आली."
तरी ओरडतच राहिले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू रोज मान खाली घालून ढवळतीस ना, ते बघवत न्हाई मला. जनू मीच तुझी सासू." मग, "गोड खळ तुझी तू खा. मला आसं आवडतं." दोन वाट्या ताकाबरोबर खाल्ल्या. मलाही दिलं. चांगलं झालं होतं.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बसमध्ये उगाच रडू आलं. लायटर पर्समध्येच होता, खिडकीतून फेकावासा वाटला.

५ डिसें., गुरु.
दोन दिवस तीच करते. मी शेजारी उभी राहते, तर म्हणते, "आंघोळीला जा." लायटर ओट्यावर ठेवला. गॅस चालू-बंद करताना दुसऱ्या हाताने ओटा धरते, पण करते. डॉ.ना विचारलं. म्हणाले, खाऊन झाल्यावर उभं राहू देत, काही हरकत नाही.

मग ऑ.त म्हात्रेंच्या टेबलापाशी गेले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. कारण आईचं नाही, माझंच आहे. मला भीती वाटते.
"कशाची?"
मी त्यांच्या टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली.
ते म्हणाले, "रविवारी या उरनला. मुलगी घरी हाय. बघा, बसा, जेवा. मग सांगा."
आईला सांगितलं. ती म्हणाली, "जा. मीना हाय."
इतक्या लवकर म्हणाली की वाईट वाटलं.

८ डिसें., रवि.
उरणला जाऊन आले. घर बैठं, पुढे अंगण, मोरा बंदराच्या वाटेवर. म्हात्रेंनी स्वतः रस्सा केला होता. मुलगी, सुजाता, वाढत होती. बापासारखीच कमी बोलते. ते पाणी भरायला बाहेर गेले तशी एकदम म्हणाली, "तुमी हितं येनार, का बाबा तिकडं जानार?"
मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही.
"ठरलं की मला आधी सांगा. परीक्षा हाय माझी."
हो म्हटलं. ती पोरगी आवडली. त्याचीच जास्त धास्ती वाटते. येताना बसमध्ये सीट दोनदा बदलली.

घरी आले तेव्हा आई जेवून टीव्हीसमोर. साखरेची गोळी घेतलेली. ती काही विचारणार नाही असं धरून मी आत निघाले.
"पोरगी कशी हाय?"
चांगली आहे. हुशार वाटली.
"आनि तो?"
चांगला आहे.
"मग आता?"
मी म्हटलं, बघू.
तिने टीव्हीचा आवाज कमी केला.
"बघू म्हंजी कुठला वार?"