रावसासाठी सहा गऱ्या

तीर्थरूप बाबा,
शारजाहून विघ्नेशचा तुमच्या पायांवर माथा.

मी मजेत आहे. दुकानात एसी असतो, उन्हाचा त्रास नाही. खोकला गेला म्हणून आईला सांगा. रजेचं मात्र यंदाही खलास. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.

आमची गिऱ्हाइकं नॉर्वेला सॅमन पकडायला जातात. एकेक मासा वीस किलोचा. मी त्यांना रॉड निवडून देतो आणि मागच्या पार्किंगमध्ये तुमचंच शिकवतो: मोठा लागला की हिसका मारू नका, तंगुसाची दोरी सैल सोडा, पळू दे, दमला की ओढा. काल एकाने विचारलं, "हबीबी, तूने कितने पकडे?" म्हटलं, "मेरे बाप ने पकडे." मी तीन वर्षांत एकदाही गरवायला गेलो नाही.

माझ्या खोलीतला सुदेश गावी येतोय. त्याच्याकडे सॅमनच्या सहा मोठ्या, टोकदार गऱ्या आणि जाड तंगूस दिलाय. साखरेमुळे बोटं बधिर झाल्याने मासा लागलेला कळत नाही ना? छोटी घंटी ठेवलीय, ती काठीला बांधा. गोळ्या घेता का?

खाडीत रावस उरला नाही, असं आई फोनवर म्हणाली. तुम्ही रोज धक्क्यावर जाता, पण गरी न लावता तंगुसाला नुसतं शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडून बसता, हेही म्हणाली.

मासा लागणार नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण पार्किंगमध्ये मी गरी काढून नुसतं शिसं फेकतो, कारण समोर डांबर असतं. तुमच्यासमोर खाडी आहे. गरी लावा, बाबा.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
विघ्नेश