उजव्या पायाशी ऊब

सोमवार, १२ जानेवारी

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते. नंतर सरमिसळ होते.

१. सकाळी गोदामातून निघताना बाबांचा ट्रक फाटकाच्या खांबाला घासला.
२. खांब वाकला. ट्रकचा डावा आरसा फुटला. कुणाला लागलं नाही.
३. काच आतून धुरकट झाली होती, असं बाबा म्हणतात. हीटरची हवा कोमट येते, काचेपर्यंत पोचत नाही.
४. ‘पाय गारठला होता, ब्रेक जरा उशिरा लागला,’ असंही म्हणतात.
५. मुकादम म्हणाले, महिनाअखेरपर्यंत हीटर करून दाखवा, नाहीतर तुमची फेरी दुसऱ्याला देतो.
६. बाबांनी मला विचारलं.

सहावा मुद्दा मी दोनदा वाचला. माझा डिप्लोमा झाला, शीतगृहात देखभालीची नोकरी लागली, पण घरातला साधा पंखासुद्धा त्यांनी मला कधी उघडू दिला नव्हता. विचारलं तेही तिरकंच – ‘तुमच्याकडे नुसतं गारच करायला शिकवतात, का गरम करायलाही?’

म्हटलं, ‘उष्णता तीच असते. आम्ही ती उचलून बाहेर टाकतो.’

‘मग आमच्या गाडीत आणून टाक की!’

आई हसली. मी हसले नाही. बरं मात्र वाटलं.


मंगळवार, १३ जानेवारी

कामावरून आल्यावर अंगणात बॉनेट उघडलं. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं तरी तापमानाचा काटा खालची रेघ सोडेना. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या हातात धरवतात – धरवता कामा नयेत. केबिनमधल्या झोताचं तापमान ३१. याला हीटर म्हणणं म्हणजे थट्टाच.

संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन तापेपर्यंत पाणी आत अडवून धरणारी ती छोटी झडप. ती उघडी अडकली असेल तर पाणी तापायच्या आधीच रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. मग हीटर बिचारा काय करणार!


बुधवार, १४ जानेवारी

झडप उघडी अडकलेली नाही. झडप मुळात नाहीच!

कव्हर काढलं तर आत रिकामं भोक. बाबांना बोलावून दाखवलं.

‘हां, ती मिस्त्रीने काढली ना. उन्हाळ्यात गाडी तापायची.’

‘कुठल्या उन्हाळ्यात?’

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ‘तू शाळेत होतीस.’

म्हणजे इतके हिवाळे हा माणूस हीटरशिवायच गाडी चालवतोय. आणि तक्रार नाही! मी बोलत होते तेव्हा ते नवा आरसा पुसत होते, जसं काही दुसऱ्याच्याच ट्रकबद्दल चाललंय.

मग याच हिवाळ्यात पाय का गारठला? नोंद करून ठेवते.


गुरुवार, १५ जानेवारी

थर्मोस्टॅट बसवला. नवं गॅस्केट. बोटांना भेगा पडल्यात.


शुक्रवार, १६ जानेवारी

काटा मध्यावर! झोत ४४. काच खालून वरपर्यंत साफ.

बाबा फेरीवरून आले. मी पायरीवर बसले होते, वाट बघत नव्हते.

‘काच झकास,’ म्हणाले. ‘पायाशी मात्र काही येत नाही बघ.’


शनिवार, १७ जानेवारी

अर्धी रजा. हीटरचा छोटा रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला. आधी गंजाचं तांबडं पाणी, मग चिखल, मग कसले तरी खवले. शेवटी नितळ. पुन्हा भरून, हवा काढून, चालू केलं. झोत ५८. यापेक्षा जास्त या गाडीकडून मागणं अन्याय.

हात धुवायला आत गेले तर आई न्हाणीघरात बाबांच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून उभी. रोजचंच आहे. पाणी ती बघणार, मग ते आंघोळीला जाणार. म्हटलं, ‘अजून किती लाड करशील गं त्यांचे?’ ती नुसतं ‘हं’ म्हणाली.

संध्याकाळी नेहमीचा विनोद. बाबा आत येऊन बसले तर एका पायात चप्पल, दुसरी अंगणातच. त्यांना पत्ता नाही! आई म्हणते, ‘यांचा एक पाय घरी येतो, एक मागून येतो.’ बाबाही हसले. चप्पल मी आणून दिली.


सोमवार, १९ जानेवारी

आज दुपारची पाळी होती म्हणून सकाळी त्यांच्या शेजारी बसून फेरीवर गेले. गोदाम, मोठा बाजार, दोन दवाखाने, परत गोदाम.

बाजार यायच्या आत मी स्वेटर काढला. बाबांच्या पायांत मोज्यांचे दोन जोड.

‘आता?’

‘बाकी सगळं ऐन उकाड्यासारखं. पायाशी नाही गं.’

सिग्नलला वाकून त्यांच्या बुटाशी थर्मामीटर धरला. ३९. पुन्हा धरला. ३९. माझ्या पायाशी ३७, आणि माझे तळवे घामेजलेत!

‘बाबा, इथे माझ्यापेक्षा जास्त गरम आहे.’

‘तुझं यंत्र म्हणतं.’

‘यंत्र बरोबर आहे.’

‘पाय कुणाचे आहेत? यंत्राचे का माझे?’

मागच्या गाडीने हॉर्न मारला. विषय संपला.

कामावर जाऊन थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला. बरोबर शून्य. उकळत्या पाण्यातही बरोबर. म्हणजे खोटं कोण बोलतंय? यंत्र नाही. बाबा खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. गाडी बोलत नाही.

मला कळत नाहीये. हे वाक्य लिहायला मला त्रास होतो.


मंगळवार, २० जानेवारी

पायाकडे हवा सोडणारी फट तपासली. उघडी. ती उघडणारी केबल तपासली. घट्ट. दारांचे रबर बदलले. पेडलखालच्या भोकांतून वारा येतो, ती बुजवली.

‘आता?’

‘किंचित.’

ते ‘किंचित’ माझ्यासाठी होतं. एवढं मला कळतं.


बुधवार, २१ जानेवारी

ठरलं. हीटरमधून वेगळी नळी काढून थेट त्यांच्या उजव्या पायावर सोडायची. शीतगृहात पडलेला पत्र्याचा तुकडा साहेबांना विचारून आणला. त्याचं कोपऱ्यासारखं वळण केलं. कडा कानशीने घासल्या, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासल्या – मोज्यात अडकू नये म्हणून.

आई चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. ‘पोहोचेल का गं त्यांच्या पायापर्यंत?’ एवढंच म्हणाली.

‘टेकेल जवळजवळ.’

चहा तसाच माझ्या हातात देऊन आत गेली.


शुक्रवार, २३ जानेवारी

झालं!

बाबा काल फेरीवरून आले आणि मी न विचारता म्हणाले, ‘आता बरं वाटतंय.’ पुढे काही नाही. पण म्हणाले.

आज मुकादम स्वतः केबिनमध्ये चढले. हात फिरवला, काच पाहिली. ‘अहो, इथे तर झोप लागेल माणसाला! फेरी तुमचीच.’ बाबा त्यांना म्हणाले, ‘आमच्या इंजिनियरबाईंनी केलंय.’ हे मला त्यांनी सांगितलं नाही, आईला सांगितलं. आईने मला सांगितलं.

मी इंजिनियर नाही, डिप्लोमा आहे. आज दुरुस्त केलं नाही.


रविवार, २५ जानेवारी

दुपारी आईने हाक मारली. तिने हाक मारली की शेजारपाजारला ऐकू जाते. आजची नुसती माझ्या नावाची कुजबुज होती.

मोरीत बाबांचा मोजा होता. घोट्याच्या जागी कडक झालेला, पिवळट डाग, आणि त्याला कातडीचा पापुद्रा चिकटलेला.

बाबा बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते. मी खाली बसले आणि पायजमा वर केला. उजव्या घोट्यावर मोठा फोड, फुटलेला, आत लाल. वरची कड अगदी सरळ. ती कड मी ओळखते. मी घासली आहे.

‘हे कधी झालं?’

‘काय?’

त्यांनी वाकून पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय पाहावा तसं. मग मोठ्याने म्हणाले, ‘अरेच्चा!’

‘दुखत नाही?’

‘नाही बुवा.’

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पेनचं टोक तळव्याला लावलं.

‘कुठे लावलंय सांगा.’

‘लाव आधी.’

लावलेलंच होतं. मी दाबलं. अंगठ्याला, टाचेला, बोटांच्या मध्ये. बाबा डोळे मिटून शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले होते. ‘लाव की गं!’

आई दारात रडत होती. तिथूनच म्हणाली, दोन वर्षांपूर्वी आंघोळीच्या पाण्याने असंच पोळलं होतं. तेव्हापासून पाणी ती बघते. बाबांनी तिला बजावलं होतं, पोरीला सांगू नकोस.

लाड! मी लाड म्हणाले होते.

‘मग हीटर कशाला करायला लावलात मला?’ माझा आवाज चढला.

बाबांनी पायजमा खाली केला. बराच वेळ पेपरची घडी नीट करत राहिले.

‘मला वाटलं थंडीच असेल. गाडी गरम झाली की पायाला जाग येईल. तू एवढी खटपट करत होतीस... मग मलाही वाटायला लागलं, हीटरच असेल.’

‘आणि गुरुवारी म्हणालात, बरं वाटतंय?’

‘तू किती दिवस त्या गाडीखाली झोपणार होतीस?’


सोमवार, २६ जानेवारी

बाबा पायाला पट्टी बांधून सकाळी फेरीवर गेले! मी ब्रश तोंडात धरून खिडकीत उभी. अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, रक्तातली साखर तपासली, आकडा पाहून माझ्याकडे पाहिलं. साखर आटोक्यात येईल, म्हणाल्या. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. गाडी चालवता का, असं विचारलं. बाबा म्हणाले, ‘अधूनमधून.’

मी गप्प राहिले. ते मी का केलं, माहीत नाही.

परतताना रिक्षात म्हणाले, ‘मला जमतं. ब्रेक मारताना एकदा खाली बघून घेतो, पाय कुठे आहे ते.’

मला धीर यावा म्हणून सांगितलं त्यांनी हे.

म्हणजे फाटकाशी ते खाली बघत होते. काचेवर वाफ होती की नव्हती याने काही फरकच पडत नव्हता. रोज भरल्या बाजारातून ते पायाकडे बघत बघत जातात.


मंगळवार, २७ जानेवारी

पत्र्याची नळी काढली. बाबा म्हणाले, ‘राहू दे ना. चांगली केलीयस.’

मी आईशी बोलले. ती म्हणते, गाडी काढून घेतलीस तर ते खुर्चीत बसून संपतील. हेही खरं. मी म्हटलं, बाजारात कुणी मध्ये आलं तर? ती म्हणाली, ‘माझ्याकडे बघून बोलू नकोस हे.’

माझ्याकडे पान्हे आहेत, कानस आहे, बरोबर चालणारा थर्मामीटर आहे. बिघाड सापडला. त्याला उघडायला कुठे स्क्रू नाही.

आज पुन्हा एक चप्पल अंगणात होती. कुणी हसलं नाही. मी आणली.


बुधवार, २८ जानेवारी

पहाटे त्यांच्या आधी उठले. चिठ्ठी लिहून सवयीने बुटात ठेवली, त्यांना हमखास लागावी म्हणून. उजव्या. मग लक्षात आलं. काढून किल्लीच्या खिळ्याला टोचली. ट्रकची किल्ली माझ्या खिशात आहे. चिठ्ठीत एवढंच –

बाबा, हीटर ठीक आहे. मुकादमांना पायाचं तुम्ही सांगणार की मी? शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा.