वरून दिसणारा क्रूस

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आसराघराच्या नव्या इमारतीचा पाया पुढच्या महिन्यात खोदणार, असं कंत्राटदाराने आज स्वतः येऊन सांगितलं. तुमच्या स्वयंसेवी वास्तुरचनाकार मंडळाचा नकाशाही त्यानेच दाखवला. परदेशात इतकी वर्षं या घराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बहिणीला सख्ख्या भावाचा नकाशा कंत्राटदाराकडून बघायला मिळाला. असो.

क्रूस काढला आहेस. चार बाजूंना चार हात, मध्ये प्रार्थनागृह, संडास-न्हाणी सगळी एका हाताच्या टोकाला. वरून फार देखणा दिसतो. पण वरून पाहणारे दोघेच, देव आणि देणगीदार. माझ्या बायका खाली राहतात. बाकीच्या तीन हातांतल्या बाईला रात्री उठायचं झालं तर वाट प्रार्थनागृहातून. आणि दानपेटी चोरीला जाईल म्हणून प्रार्थनागृहाला रात्री कुलूप, हा तुमच्याच मंडळाचा नियम. मग पोट बिघडलेल्या बाईने काय स्तोत्रं म्हणत बसायचं?

शिवाय चार हातांना चार दारं. इथली प्रत्येकजण घरचा मार चुकवून आलेली. परवा आलेली शिंपीण दाराकडे तोंड करून बसल्या बसल्या झोपते. तिला चार दारं दिलीस तर ती कुठल्या दाराकडे तोंड करणार?

लहानपणी तू कोंबड्यांचं खुराडं केलं होतंस. छपराला नक्षी, पण अंडी काढायला हात जाईना. बाबांनी तेव्हा कौतुक केलं, तिथेच चुकलं.

तुझ्या बायकोला आठवण सांग. रागावले आहे, तरी पत्राची वाट पाहते.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

खुराडं निघालं तेव्हाच ओळखलं, की आता आपली धडगत नाही.

पण थोडं आमचंही ऐक. दिवसभर मी मोटारींच्या शोरूमचे नकाशे काढतो. हे एकच काम असं, की ज्यासाठी आम्ही सगळे रजा टाकून, फुकट, आनंदाने बसतो. प्रत्येक वाट प्रार्थनेतून जावी, ही अध्यक्षांची कल्पना. क्रूसाचं चित्र पत्रकावर छापूनही झालं. तुझं म्हणणं मी बैठकीत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, ज्यांना क्रूस काढून टाकायचा आहे त्यांनी हात वर करावेत. कोणी केला नाही. मीही नाही.

प्रार्थनागृहाच्या चार किल्ल्या करून दिल्या तर चालेल का? उत्तर जरा सौम्य शब्दांत धाड.

तुझा धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार किल्ल्यांचं मी स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी सगळ्या पोट धरून हसल्या, तेवढं पुण्य तुझ्या पदरात.

काल मोकळ्या जागेवर दोऱ्या बांधून, चादरी टाकून तुझा क्रूस उभा केला. शिंपीण चारही टोकांना फिरून आली आणि चादरींच्या घड्या घालू लागली. संध्याकाळी मला म्हणाली, जुन्या घराचा मालक एखादा कोपरा राहू देईल का विचारा, नाहीतर मी आपली परत जाते. परत म्हणजे कुठे, ते तुला सांगायला नको. आणि मालकाने तर आम्हा सगळ्यांनाच जागा सोडायला सांगितलं आहे. तुम्ही बांधाल त्यातच आम्हाला राहायचं, म्हणून मी भांडते. नाहीतर तुमच्या चित्राशी माझं काय वैर?

मला लांबट घर दे. सलग ओसरी, बाजूला एकच दार, दाराशेजारी माझी खोली. प्रार्थना ओसरीवर करू. आजवर स्वयंपाकघरात केली, तीही पोचली. यात कला नाही, हे मला कळतं. बुटांचं खोकंही असंच असतं, पण बूट त्यात नीट राहतात.

या वेळी बैठकीत हात वर कर. नुसते जोडू नकोस.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

लांबट घर काल एकमताने मंजूर झालं. चिटणिसांनी सही करून नकाशा कंत्राटदाराला धाडलासुद्धा.

हात मी वर केला होता, पण श्रेय तुझ्या भावजयीचं. नवा नकाशा माझ्या टेबलावर पाहून ती म्हणाली, लांबट, आणि बाजूला एकच दार, हे तर बायबलातलं, महापुरात माणसं-जनावरं वाचवणारं तारू झालं. वर म्हणाली, तुमच्या त्या मंडळींना चौकोन दिलात तर नाकं मुरडतील, तारू म्हणालात तर डोळे पुसतील. अध्यक्षांनी खरोखरच पुसले. आता ते सांगत फिरतात, की तारू पहिल्यापासून त्यांच्या मनात होतं.

खुराड्याचा हिशेब मिटला असं समजू का?

तुझा धाकटा


१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खुराडं निम्मं माफ. भावजयीला माझ्याकडून शाबासकी दे. तुमच्या मंडळात बसवायची ती तिला, पण तिला अक्कल आहे, ती येणार नाही.

नकाशा पाहून शिंपिणीने एकच विचारलं, कडी आतून आहे ना. मी हो म्हणाले. तेव्हापासून मलाच घोर लागला आहे. गोष्टीतल्या तारवाचं दार देवाने बाहेरून लावलं होतं, हे आपल्याला रविवारच्या शाळेपासून पाठ. तुमच्या अध्यक्षांना ते आठवलं, तर कडी बाहेरून बसवल्याशिवाय ते राहायचे नाहीत.

महिनाअखेरीस ते पायाभरणीला येणार, त्यांच्याबरोबर तू. तारवात जनावरं कुठे म्हणून ते विनोद करणार, बायकांना मी न हसायला सांगितलं आहे. तू विमानात त्यांच्या शेजारी बस आणि ती गोष्ट शेवटपर्यंत वाचू देऊ नकोस. कडी मात्र तूच घेऊन ये, चांगली जाड. चौकट बसली की शिंपीण ती स्वतः लावून बघणार आहे, तेव्हा पुन्हा ये आणि तू बाहेर उभा राहा.

तुझी ताई