मला न आलेला आवाज

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी गॅरेजमध्ये मी सुनंदाताईंशी खोटं बोललो. "टायर घासलेत, बाकी काही नाही," म्हणालो.

त्या स्वतः पिकअप चालवून मासळी पोचवतात. "दादा, चाळीसच्या वर गेलं की मागून घूंऽऽ आवाज येतोय. डावीकडं वळताना जास्त." म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून विठ्ठलवाडीतून एक चक्कर मारून आलेलो. "आता आला बघा," त्या सांगत होत्या आणि मी नुसती मान डोलवत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. तीस वर्षं आवाजावरून बिघाड सांगणारा मी, कान गेले हे कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या गेल्या, पण मला जेवण जाईना. नुसता टायर असता तर तो घूं वळताना वाढला असता का? डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर येतो. म्हणजे उजवं बेअरिंग! चाक जाम झालं तर? बाईंनी सगळं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

फोन केला. त्या खोपटच्या बाजारात माल उतरवत होत्या. "गाडी हलवू नका, मी येतो."

तिथे जॅक लावला, उजवं चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. तळव्याला खरखर स्पष्ट लागली.

"ताई, सकाळी मला आवाज आलाच नव्हता. कान गेलेत माझे."

त्यांनी हातातली मासळीची टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मग माझ्यावर विश्वास ठेवायचा ना, दादा. मला येत होता की."

बेअरिंग उद्या बदलेन. घरी कानांचं कसं सांगू, ते अजून ठरत नाही.