मागच्या कोपऱ्याचे दोन फूट

कारंजा, ३ मार्च १९४१

शेजारचे आबाजी काल जे बोलले ते दुसऱ्या कुणी ऐकलं नाही, आणि मी भ्याले आहे. म्हणून लिहिते. तारीख घालून लिहिलं म्हणजे पुढे भीतीपोटी मलाच ते फिरवता येणार नाही.

नव्या घराचं जोतं पुरं झालं. आबाजी मागच्या कोपऱ्यावर काठी आडवी धरून उभे. काय मोजता, विचारलं. "काही नाई, मास्तरीणबाई. भित वर जाऊ द्या. छप्पर चढलं का मंग बोलू." हसले नाहीत.

नकाशा मीच काढला. म्युनिसिपल कमिटीचा नियम : शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन फूट मोकळे. तसे सोडले आहेत. मग काठी कसली?

४ मार्च

उलगडा कमळने केला. माझी धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी डोळे गेले, तेव्हापासून माझ्याकडे. आज तिला जोतं हाताने दाखवायला नेलं. एक हात आबाजींच्या कुंपणभिंतीवर ठेवून बोळातून गेली. मागे थांबली. "ताई, पुढं ऐसपैस होतं. इथं कंबर दगडाला घासते."

टेप लावली. पुढे तीन फूट. मागे एक.

पुन्हा लावली. एकच.

जेवण गेलं नाही. क.ला म्हटलं, ऊन लागलं.

५ मार्च

गणू मिस्त्रीने लपवलं नाही, उलट खूष. जागा पुढे रुंद, मागे चिंचोळी, म्हणजे वाघमुखी, अशुभ. नकाशाप्रमाणे घरही तसंच झालं असतं. म्हणून सूत धरताना मागची खुंटी त्याने आबाजींकडे दोन फूट सरकवली. मी तेव्हा शाळेत.

"दोघी बाया, त्यात एकीले दिसत नाई. वाघाच्या तोंडात कशा राह्यसान? म्या गायमुखी करून देल्लं."

रागावता येईना. तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली आणि स्वतःच्या जोत्याचा कर्ण मोजला नाही.

उपायही त्याच्याकडे तयार : "आठ दिवसात भित उचलतो. कमिटीचा ओरसेर मांगच्या बोळीत कायले जाते?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे इथे राहू दे.

८ मार्च

कमिटीचे ओव्हरसियर रस्त्यात भेटले. सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याची हद्द चुकली तर? ते म्हणाले, शेजाऱ्याची लेखी तक्रार आली तर पाडावं लागतं. छप्पर चढलं असेल तर त्यासकट. "कोणाचं चुकलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाचं नाही. घाईने वाट धरली. त्यांना कळलं की काय.

३१ ला नोकरी संपते, शाळेची खोली सोडायची. जवळ होतं ते त्या दगडांत गेलं. क.ला घेऊन

पुढे लिहवत नाही.

११ मार्च

आबाजी आज घरी आले. चहा घेतला. क. समोर बसलेली. तक्रार करायची इच्छा नाही म्हणाले. ढोरांना माझ्या मागल्या अंगणातून विहिरीकडे वाट हवी, तेवढा कागद करून द्यावा. "मंग मले बी काही दिसत नाई. तुमच्या बहिणीवानी."

चाळीस ढोरं, सकाळ-संध्याकाळ. क.च्या मोरीच्या दारासमोरून; मग तिला एकटीला बाहेर पडणं नाही.

ते गेल्यावर क. म्हणाली, "सही करणार आहेस?" विचार करते म्हटलं. ती म्हणाली, "मला खोलीत बसून राहता येतं, ताई. पण तशीच बसवणार असलीस तर आधी सांग."

मला हिचा राग आला. मग माझा.

१२ मार्च

गणूला काम थांबवायला सांगितलं. म्हणाला, "काहून, बाई? पापाचं थोडी केलं?" नाही, म्हटलं. तुझं नाही.

१३ मार्च

म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीत आज दिलं :

जोतं आहे तसा नकाशा, मागचा कोपरा तांबड्या शाईने. चूक माझ्या देखरेखीत झाली असा अर्ज, सहीनिशी. मिस्त्रीचं नाव घातलं नाही. तेवढाच कोपरा माझ्या खर्चाने काढून बांधण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. आबाजींच्या मागणीबद्दल एक वेगळा कागद, बंद लिफाफ्यात.

लिफाफा देताना क्षणभर हातातून सुटेना. कारकुनाने ओढून घेतला.

पोच मिळाली नाही. सही करणारे साहेब दौऱ्यावर, कधी येतील, त्याला ठाऊक नाही.