जाईचा डावा हात

सांगली,
रविवार, ता. १३ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. अंजनास धोंडुबाईचा आशीर्वाद. जाईला मुका.

इकडं सगळी बरी हायेत असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं. तू साताऱ्याला म्हायेरी गेल्यापासनं भाकरी मी करती. तुझा नवरा ती गुमान खातो, यावरनं त्याची तब्येत समजून घे. पत्र त्यालाच लिहायला बसवलंय. एरवी बायकोला पत्र लिही म्हटलं की त्याची कामावर जायची येळ होती, म्हणून आज सुट्टी बघून धरला.

जाईच्या मास्तरीणबाईंनी आमाला दवाखान्यातल्या एका बाईंकडं धाडलं. डॉक्टर न्हाईत. नाडी बघत न्हाईत, बाटली देत न्हाईत. पोरांवरनं घरात भांडणं होत्यात, ती ऐकायचा पगार घेत्यात. मी म्हटलं, "बाई, हे काम मी जन्मभर फुकट केलं." लय हसल्या. तवा मला आवडल्या.

नानासोनं गाऱ्हाणं मांडलं. पोरगी डाव्या हातानं लिहिती, मी उजवा म्हणतो, तिची आई डावा म्हणती, अन् आई पोरीला घेऊन गेली. बाईंनी काय करावं? आमा दोघांफुडं कागद-पेन्सिल ठिवली. "डाव्या हातानं आपापलं नाव लिहा."

"माझे दोन्ही हात सारखेच अडाणी," मी म्हटलं. "कुठलाबी घ्या."

नानासोचं नाव चेंगरलेल्या खेकड्यागत उमटलं. बाई म्हणाल्या, "आजी, हा जाईवर ओरडतो तसं आता तुम्ही याच्यावर ओरडा." मी काय सोडती? "हात हाय का खुरपं? उजव्यानं लिही!" आधी तो हसला. मग पेन्सिल ठिवून घाम पुसला. म्हणाला, "आई, तू वरडाय लागलीस अन् पुढचं अक्षरच सुचंना."

(हे त्यानं गाळलं हुतं. वाचून दाखव म्हटलं तवा सापडलं.)

मग बाईंनी इचारलं, "पुढल्या वर्षी या दिवशी घरात काय दिसलं तर बरं वाटेल?" तो म्हणाला, जाई दारात लिहीत बसलीया. कुठल्या हातानं, ते काय बोलला न्हाई. मी म्हटलं, सून माझ्यावर चिडलेली दिसावी, पण घरात.

"कशाबद्दल चिडलेली, आजी?"

मी पदर नीट केला. लय चौकस बाई.

अंजना, आता ऐक. त्या दिवशी तू बाजारातनं आलीस, तर जाईचा डावा हात फडक्यानं कमरंला बांधलेला. "कुणी बांधला?" म्हणालीस. नानासो "मी" म्हणाला. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी डोळं वटारलं. तिनं अजून तोंड उघडलं न्हाई ना? गाठ माझी हुती. तो कामावरनं यायच्या आधीच बांधलेली. मला वाटलं, पोर डाव्या हातानं ताट वाढंल, सासरची हसतील. आईची लाज राखायला त्यानं बायको घालवली, अन् मी सोळा दिवस राखू दिली.

त्यानं लिहायचं थांबवलंय. लिही रं.

गुरवारी बाईंनी समद्यांना बोलावलंय. माझ्यावर वरडायला का हुईना, ये. जाईला आधी वरडू दे.

तुला भिणारी सासू,
धोंडुबाई

ता. क. आईनं सांगितलं ते तसंच लिहिलं. हे माझं. गाठ तिची होती. पण मी घरी आलो तेव्हा तू यायला अर्धा तास होता. मी ती सोडली नाही.
– नानासो