हाक न मारता हजर

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून तू अबोला धरलास, तरी लिहितोय. एका शाळेच्या वाचनालयात मदतनीस म्हणून लागलोय. चौथीच्या वर्गाला आठवड्यातून एकदा गोष्ट वाचून दाखवणंही माझ्याच गळ्यात पडलंय.

वर्गात एक मुलगी आहे. वडील इथले, आई दुसऱ्या देशातली. तिचं खरं नाव आईकडचं, लांबलचक. वर्गबाई मात्र हजेरीला सुटसुटीत दोन अक्षरी नावाने हाक मारतात. माझं डोकंच फिरलं! शाळेला स्वतःचं खरं नाव ठणकावून सांगणाऱ्या मुलाची गोष्ट मी मुद्दाम निवडली. ती संपल्यावर मुलीला उभं केलं आणि प्रवेशअर्जावरून पाठ केलेलं तिचं नाव अख्ख्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. पोरांनी बाकं वाजवली. बाई दारात होत्या. खरं सांगतो, माझं निम्मं लक्ष त्यांच्याकडेच होतं. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत. पुढचं तू ओळखलंच असशील.

तेव्हापासून चार दिवस मुलगी शाळेत नाही. बाई माझ्याशी बोलत नाहीत. माझं काय चुकलं?

राग सोड आणि लिही.
तुझा धाकटा

ता. ९ ऑगस्ट

चि. शहाण्यास अनेक आशीर्वाद.

अबोला मोडतेय, कारण तू आणखी काही करून ठेवशील याची धास्ती वाटते.

बारा वर्षं मीही पोरांना गोष्टी शिकवतेय. तुझ्या गोष्टीतला मुलगा आपणहून उभा राहतो ना? मग हिला तू का उभं केलंस? तिला विचारलंस? बाईंना तरी? त्यांच्यावर छाप पाडायला एवढ्याशा पोरीला पुढे केलंस. प्रेमात पडायचं तर खुशाल पड, पण वर्गाबाहेर.

तिच्या घरी जा. भाषण ठोकू नकोस. बस म्हटलं तर बस, आणि ऐक.

रागावले तरी माया आहेच.
ताई

ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. घरात दोन खोल्या. आई शिवणकाम करते. खुर्चीवरचे कपडे उचलून तिने मला जागा केली. ती म्हणाली, छोटं नाव बाईंनी ठेवलेलंच नाही, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीनेच निवडून त्यांना सांगितलं. लांब नाव तिच्या आजीचं. आजी यंदा तिकडेच वारली, यांना जाता आलं नाही. त्या नावाने आता फक्त आई हाक मारते, तीही घरात.

मुलगी पडद्याआड होती. तिथूनच म्हणाली, की मुलं आता घराजवळच्या मैदानातही त्याच नावाने हाका मारतात, चांगल्या मनाने मारतात, पण तिला ते ऐकवत नाही. मग तिने विचारलं, की ते नाव मुलांकडून परत आणून देता येईल का.

ताई, मी नाही म्हणालो. खोटं बोलवेना. माफी मागितली आणि उठलो. गोष्टीचा तासही बाईंना देऊन टाकला. कॉलेज सोडताना हलकं वाटलं होतं. हे सोडताना वाटलं नाही.

आज ती आली. हजेरीआधी बाईंनी तिला दारापाशी बाजूला घेऊन विचारलं, कुठल्या नावाने हाक मारू. ती म्हणाली, सध्या कुठल्याच नको, ठरलं की सांगेन. बाई एकेक नाव घेत गेल्या. तिच्यापाशी आल्यावर गप्प राहून नुसतं वर पाहिलं. तिने हात वर केला. बाईंनी हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं.

मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दाराबाहेर होतो. आत गेलो नाही.

कान उपटायचा हक्क तुझाच. तो सोडू नकोस.
तुझा धाकटा